इटली ते कणकुंबी, सायकलने

रविवारच्या पुरवणीत तिसऱ्या पानावर, डाव्या कोपऱ्यात, साडेअकरा इंच जागा मोकळी राहिली. पुढचे सगळे त्या साडेअकरा इंचांमुळे घडले, म्हणून आकडा आधीच नोंदवून ठेवतो. आमच्या कचेरीत काही जण बारा इंच सांगतात. ते चूक आहे.

ती जागा निपाणीच्या एका तंबाखू-व्यापाऱ्याच्या जाहिरातीची होती. शनिवारी दुपारी चार वाजता त्यांचा फोन आला की भावाभावांत वाटण्या निघाल्या आहेत, जाहिरातीत कोणाचा फोटो घालायचा ते ठरेपर्यंत थांबा. वाटण्या थांबू शकतात, पुरवणी थांबत नाही. पाच वाजता आमचे फोरमन तम्मण्णा, छपाईचे खिळे जुळवून काळे झालेले हात अंगापासून लांब धरून, माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

“मजकूर द्या,” ते म्हणाले, “न्हायतर पंचांग घालतो.”

ही पोकळ धमकी नव्हती. मागे एकदा अग्रलेख वेळेवर आला नाही तेव्हा त्यांनी त्या जागी पंधरवड्याचे पंचांग घातले होते, आणि अग्रलेख पटल्याची तीन पत्रे आली होती.

हे १९८१ सालचे. मला उपसंपादक होऊन तेव्हा अकरा वर्षे झाली होती, आणि त्या अकरा वर्षांत माझ्या हाताखालून गेलेल्या मजकुराबद्दल ‘चूकभूल’ची एकही चौकट छापावी लागली नव्हती. खानापूर तालुक्यात पाऊस पडला असे वार्ताहराने कळवले तर मी किती इंच ते विचारत असे, आणि ते सांगता आले नाही तर पाऊस छापत नसे. त्यामुळे एका जुलैत गुंजीला सलग तीन दिवस, निदान आमच्या अंकात, ऊन होते. सहकारी माझी थट्टा करत. मी ती बहुमानासारखी घेत असे.

खणात एक इंग्रजी मासिक होते. गोव्यातल्या एका हॉटेलात कोणी परदेशी पाहुणा टाकून गेला होता आणि आमच्या एका वार्ताहराने ते बसमध्ये वारा घ्यायला आणले होते. त्यात एका इंग्रज गृहस्थाने इटलीच्या खेड्यापाड्यांतून सायकलने केलेल्या भटकंतीचे वर्णन होते. डांबरी रस्ता सोडून खडीच्या वाटेने, नदीच्या काठाने, टेकड्या चढत आणि उतरत तो जातो. एका वळणावर त्याला एक म्हातारी भेटते. ती त्याला पाव, चीज आणि पेलाभर वाइन देते आणि पैसे पुढे केले तर हात मागे घेते. मी झरझर भाषांतर करून पहिला कागद खाली पाठवला. पाच पस्तीसला तो परत आला. सोबत तम्मण्णा होते. वाचणारा माणूस बोरगावचा, त्याला हे इटली कशाला, असे त्यांचे म्हणणे पडले. आपल्याकडे नदी नाही की टेकडी नाही?

पुरवणी साडेसहाला यंत्रावर चढते. मी पेन्सिल घेतली. इटलीतल्या नदीची मलप्रभा केली, टेकड्या ती जिथे उगम पावते त्या कणकुंबीच्या केल्या. चर्चचे देऊळ, पावाची नाचण्याची भाकरी, चीजचे लोणी, वाइनचे कोकम सरबत. वाटेच्या कडेला उंच सायप्रस होते, त्यांना सुरू म्हटले. म्हातारी तशीच ठेवली, कारण म्हाताऱ्या सगळीकडे असतात. एवढे केले की लेख ललित होतो आणि ललिताला पुरावा लागत नाही, असा माझा समज होता. मात्र आमच्या छापखान्यात ‘आमच्या प्रतिनिधीकडून’ ही ओळ खिळ्यांत जुळवून, दोऱ्याने बांधून, कायमची तयार ठेवलेली असते. कोणताही मजकूर आला की तम्मण्णा ती सवयीने त्याच्या डोक्यावर बसवतात. त्या दिवशीही बसवली. अशा रीतीने तो इंग्रज गृहस्थ आमचा प्रतिनिधी झाला. आणि पुरवणी कोण काढतो हे साऱ्या बेळगावाला माहीत असल्यामुळे तो प्रतिनिधी मी झालो.

रविवारी सकाळी लेख प्रथम बायकोने वाचला. तिने एकच प्रश्न विचारला: कणकुंबीला तुम्ही कधी गेला होता? मी म्हटले, ललित आहे. ती म्हणाली, बरं. चौदा वर्षांच्या संसारानंतर त्या ‘बरं’मध्ये किती मजकूर मावतो याचे मोजमाप माझ्याकडे नाही.

मंगळवारी चार वाजून दहा मिनिटांनी कचेरीत एक साठीचे गृहस्थ आले. परीटघडीचे धोतर, काळी टोपी, हातात आमच्या पुरवणीचे चौपदरी केलेले कात्रण. त्यांनी सगळ्या टेबलांवरून नजर फिरवली आणि नेमके माझ्यासमोर उभे राहिले.

“त्या म्हातारीची भाकरी खाल्लेले तुमीच काय वो?”

कचेरीतली पाच डोकी वर आली. ते मासिक आणणारा वार्ताहरही त्यांत होता. मी मान हलवली. ती उभी हलवली की आडवी, हे मला आजही खात्रीने सांगता येत नाही. असे वाक्य मी दुसऱ्याच्या बातमीत कधी जाऊ दिले नसते.

त्यांचे नाव आण्णाप्पा. वडगावचे विणकर. घरात चार यंत्रमाग, पाचवा वडिलांचा हातमाग. रविवारी लाइट गेली आणि माग बंद पडले, तेव्हा त्यांनी लेख गल्लीला मोठ्याने वाचून दाखवला होता. लाइट आल्यावरही कोणी उठले नाही म्हणाले. आता तो त्यांना पाठ होता. ‘नदी सोबत चालत असते, पण बोलत नाही, जुन्या मित्रासारखी’ हे वाक्य त्यांनी माझ्या तोंडावर म्हणून दाखवले. मला ते बरे वाटले हे कबूल करतो. ते त्या इंग्रजाचे होते.

चाळीस वर्षे त्यांनी साडीच्या काठावर पाण्याच्या लाटा काढल्या होत्या. नदी जिथून निघते ती जागा मात्र पाहिली नव्हती. आता सायकलने जायचे, माझ्याबरोबर, माझ्याच वाटेने, एवढे त्यांनी ठरवून टाकले होते. आणि आणखी एक.

“तिनं पैसं घेतलं न्हाईत म्हनून लिवलंय तुमी,” ते म्हणाले. “म्हनून मी एक लुगडं लावलंय तिच्यासाठी. यंत्रावर न्हवं, हातमागावर. पंधरा दिवसांत उतरंल. कवा जायाचं?”

खरे सांगायचे असेल तर ती वेळ तेव्हा होती. एक वाक्य पुरले असते. मी घड्याळाकडे पाहिले आणि “बघू” म्हणालो.

आमच्या कचेरीत ‘बघू’ म्हणजे नाही. वडगावात बहुधा तसे नसावे, कारण गुरुवारी आण्णाप्पा तारीख विचारायला थेट घरी आले, आणि आमचे बोलणे कंपाउंडच्या भिंतीपलीकडून सुभेदार कृष्णातांनी ऐकले. सुभेदार पलटणीतून निवृत्त झाल्याला सहा वर्षे झाली होती आणि सहा वर्षे ते एखाद्या मोहिमेची वाट पाहत होते. त्यांनी भिंतीवरूनच सूत्रे हाती घेतली. तारीख १३ डिसेंबर, रविवार. प्रस्थान पहाटे पाच पन्नास. मार्ग लेखाप्रमाणे. मी मार्गदर्शक. दोघांचे आम्ही संध्याकाळपर्यंत पाच झालो आणि आठवड्यात चौदा.

मग शेजाऱ्यांचे सल्ले सुरू झाले. समोरच्या नागुबाईंनी सांगितले की सीटवर खाटेच्या नवारीची घडी घाला, नाही तर परतल्यावर आठ दिवस उभ्याने जेवाल. वरच्या मजल्यावरचे बँकवाले म्हणाले की घडी अजिबात नको, एरंडेल लावा. कुठे लावायचे ते त्यांनी सांगितले, इथे छापत नाही. कोणी खिशात कांदा ठेवायला सांगितले, डिसेंबर असूनही. ज्यांनी आयुष्यात घोडागाडीशिवाय स्टेशन पाहिले नव्हते त्यांनी चढावर श्वास कसा घ्यायचा ते मला गेटपाशी उभे करून शिकवले. गेली नऊ वर्षे माझी सायकल घर ते कचेरी, पाऊण मैल, सपाट, एवढीच चालली होती. पण मी कणकुंबी केलेला माणूस होतो. त्यामुळे प्रत्येक सल्ल्याच्या शेवटी ते म्हणत, तुम्हाला काय सांगायचं म्हणा, आणि मला हसावे लागे.

सुभेदारांनी सायकलींची तपासणी ठेवली तेव्हा माझ्या सायकलला कराचा बिल्ला नसल्याचे आढळले. म्हणजे बिल्ला होता, पण तो चौदा वर्षांपूर्वीचा आणि सासुरवाडीच्या गावचा. सायकल लग्नात मिळालेली. बिल्ल्याशिवाय मोहीम नाही, असा हुकूम झाला. मी सरकारी कचेरीत गेलो. कुठल्या, ते सांगत नाही. तिथल्या कारकुनांनी कानडीतला अर्ज तीन प्रतींत भरून घेतला आणि सांगितले की सायकल मुळात दुसऱ्या गावची, तिथून नाव कमी केल्याचा दाखला आणा. सासुरवाडीचे गावही सांगत नाही. तिथे अजून जावे लागते. तिथले कारकून म्हणाले, सायकल समोर दाखवल्याशिवाय नाव कमी कसे करणार? मी सायकल बसच्या टपावर घालून नेली. ती पाहून ते म्हणाले की ही इथे आहे म्हणजे इथलीच आहे, मग नाव कमी कशाला?

पंचवीस वर्षे दोन राज्ये आमच्या गावांवर हक्क सांगत आहेत. त्याच भागातल्या माझ्या सायकलला आपली म्हणायला दोन कचेऱ्यांतली एकही तयार नव्हती. शेवटी सासऱ्यांनी तिथल्या कारकुनांना जेवायला बोलावले, तेव्हा एक कानडी कागद मिळाला. त्यावर गोल शिक्का होता, सही होती, आणि सायकल ‘निरुपयोगी झाल्यामुळे’ कमी केल्याची नोंद होती. तो घेऊन मी बिल्ला मिळवला. बाराव्या दिवशी.

बायको त्या काळात फारसे बोलली नाही. एकदा फक्त भाकरी थापता थापता तिने विचारले की ती म्हातारी कुठल्या वळणावर आहे म्हणायची? मी म्हटले, देवळानंतरच्या. ती म्हणाली, कुठल्या देवळानंतरच्या? अकरा वर्षांत मी वार्ताहरांना हा प्रश्न याच सुरात विचारत आलो होतो, आणि तो इतका खुपतो याची मला कल्पना नव्हती.

१३ तारखेला आम्ही पाच पन्नासऐवजी सहा सत्तावीसला निघालो. चौदा सायकली, दोन-दोनच्या रांगेत. मोजायला सोपे जावे म्हणून सुभेदारांनी सगळ्यांना पांढऱ्या टोप्या दिल्या होत्या. आण्णाप्पांच्या कॅरिअरवर वर्तमानपत्रात गुंडाळलेले लुगडे होते, वर्तमानपत्र आमचेच.

इथे बाहेरच्या वाचकासाठी एक खुलासा केला पाहिजे. आमच्या भागात सीमाप्रश्नाच्या निषेधाची फेरी सायकलने निघते, वर्षानुवर्षांचा रिवाज आहे. त्यामुळे मराठी माणसे रांगेने सायकलवर दिसली की ती काहीतरी मागायला निघाली आहेत असे समजले जाते. तिघे असतील तर शिष्टमंडळ. चौदा असतील आणि पांढऱ्या टोप्या असतील, तर प्रश्नच नाही. हे गावातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तरीही आम्हा चौदा जणांपैकी एकाच्याही डोक्यात ते आले नाही. आम्ही एरंडेलाचा विचार करत होतो.

पहिल्याच खेड्यात वेशीवर माणसे जमलेली होती. आम्ही थांबलो नसतो, पण हार आडवा आला. गावचे एक पंच, भावकू नाव, त्यांनी तो माझ्या गळ्यात घातला आणि दोन शब्द बोला म्हणाले. मी सांगितले की आम्ही केवळ हौसेने, नदी पाहायला निघालो आहोत, यामागे कोणतीही मागणी नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. भावकू माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाले, “बराबर बोललासा. आसंच बोलाया पायजे. मागं बघा.”

मागे, पंधरा-वीस हातांवर, एक गृहस्थ सायकल धरून उभे होते. साधा सदरा, साधी पँट आणि तांबडे पोलिसी बूट. ते साध्या वेषातले आहेत हे बुटांवरून पोरासोरांनाही कळत होते. त्यांनी वही काढून माझे दोन शब्द लिहून घेतले. माझे बोलणे कोणी जसेच्या तसे लिहून घेण्याची ती पहिलीच वेळ. वाकून पाहिले तर ‘केवळ हौसेने’ या शब्दांखाली रेघ मारली होती.

भावकूंच्या गावचे सहा जण आमच्यात सामील झाले. पुढच्या गावात सात, त्यापुढे चार. जांबोटीला आम्ही एकतीस होतो; साधा वेष धरून बत्तीस. त्या गृहस्थांची साखळी दर दोन मैलांनी उतरत होती, आणि दर वेळी आण्णाप्पा मागे जाऊन, तुटलेला धागा जोडावा तशी, दोन बोटांनी ती चढवून देत होते. दोघांचे कानडीत छान जमले होते. मी मात्र प्रत्येक वेशीवर, ही फेरी नाही, असे सांगत होतो, आणि प्रत्येक वेळी टाळ्या वाढत होत्या. माझ्या सांगण्यावर लोकांचा इतका अविश्वास मी पहिल्यांदाच अनुभवत होतो, आणि नेमका त्या दिवशीचा माझा तो एकमेव खरा मजकूर होता.

जांबोटीच्या पुढे जंगल खात्याच्या नाक्यावर दांडी आडवी होती. रखवालदारांनी लेखी परवानगी मागितली. माझ्या खिशात एकच कागद होता, तो दिला. त्यांनी गोल शिक्का पाहिला, सही पाहिली, माझी सायकल निरुपयोगी झाल्याचे लक्षपूर्वक वाचले आणि दांडी वर केली.

तिथून खडी सुरू झाली.

लेखात मी लिहिले होते की ‘चाकांखाली खडी हलकेच कुजबुजत असते.’ खडी कुजबुजत नाही. ती उडते, नडगीवर बसते, पुढचे चाक एकीकडे आणि मागचे दुसरीकडे नेते, आणि चढावर पायडल मारले की जागच्या जागी दळण दळल्यासारखी फिरते. पहिल्या मैलात मी दोनदा पडलो. दुसऱ्या मैलापासून सायकल हातात धरून चालू लागलो. शेजारून आण्णाप्पा चालले होते, वय बासष्ट, घाम नाही. “खडी कुजबुजतीया बघा सायेब,” ते म्हणाले. यात टोमणा नव्हता, हेच वाईट होते. लेखातला प्रत्येक शब्द ते वाटेवर शोधत होते, आणि सापडला नाही की दोष आपल्या कानाडोळ्यांना देत होते. ‘सुखद चढ’ आला तेव्हा सुभेदार कृष्णात खडीच्या ढिगावर बसून धापा टाकत होते. आण्णाप्पांनी त्यांना समजावले की सायबांनी दोन तासांत केलाय, आपल्याला सवय न्हाय.

देवळे लागली. एक नाही, तीन. प्रत्येक देवळानंतर वळणे होती आणि प्रत्येक वळणावर आण्णाप्पा कॅरिअरवरचे पुडके हाताने सारखे करत. मी म्हणे, पुढचे. सातव्या वळणावर जांभळाच्या झाडाखाली एक रिकामा कट्टा होता, पलीकडे झाडीत एक घर, खाली नदी. पाय संपले होते. एकतीस माणसे माझ्याकडे पाहत होती. आण्णाप्पांनी विचारले, “हितंच न्हवं?”

“हो,” मी म्हणालो. आणि कट्टा रिकामा का, हे सांगणे भाग पडल्यामुळे पुढे म्हणालो, “पण त्या आता नसतील. वय झालेलं होतं.”

तारीख नाही, वेळ नाही, कोणाचा दुजोरा नाही. अकरा वर्षांत मी अशा पद्धतीने कोणालाही मारले नव्हते.

आण्णाप्पांनी पुडक्यावरचा हात काढून घेतला. सुभेदारांना मात्र अशा प्रसंगी काय करायचे ते पलटणीत शिकवलेले होते. त्यांनी टोप्या काढायला लावल्या आणि दोन मिनिटे शांतता पुकारली. एकतीस माणसे खडीवर, माना खाली घालून उभी राहिली. साध्या वेषातल्या गृहस्थांनीही वही मिटली. शांतता दीड मिनिट झाली असेल तेव्हा झाडीतल्या घरातून एक म्हातारी हातात कोयता घेऊन वर आली आणि आमच्याकडे पाहत राहिली.

“कोन मेलं?” तिने विचारले.

“हितली म्हातारी, आक्का,” आण्णाप्पा म्हणाले. “वाटसराला भाकरी द्यायची ती.”

“हितली म्हातारी म्हंजी मीच की. बायाक्का. आनि मी कुनाला भाकरी-बिकरी देत न्हाय.”

आण्णाप्पांनी तिच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. मग त्यांनी बंडीच्या खिशातून ते कात्रण काढले, उलगडले आणि तिला सुरुवातीपासून वाचून दाखवायला लागले. बायाक्का कट्ट्यावर बसून ऐकत होती. सुरूची झाडे आली तेव्हा तिने हात वर करून थांबवले. कुठं हाईत, दाखीव. जंगलाकडे सगळ्यांनी पाहिले. जांभूळ होते, किंजळ होता, सुरू नव्हता. लोण्याचे आले तेव्हा म्हणाली की म्हैस आटून दोन वर्षे झाली. दगडी पुलावरून पलीकडचे गाव दिसते असे आले. पूल न्हाय, ती म्हणाली, आनि पलीकडं गाव न्हाय, पलीकडं बी जंगलच. एकेका वाक्याला ती पुरावा मागत होती, आवाज न चढवता. एवढ्या कसोशीने मजकूर तपासणारा माणूस मला आमच्या धंद्यात भेटलेला नव्हता. त्यात मी स्वतः आलो.

“खोटं न्हाय ते,” शेवटी ती म्हणाली, “लिवनाऱ्यानं बघितलंय. पन हितलं न्हवं. दुसरीकडलं कुटलं तरी हाय.”

आण्णाप्पांनी कात्रणाची घडी केली. “सायेब,” त्यांनी विचारले, “ती बाई कुठं हाय?”

साध्या वेषातले गृहस्थ वही उघडून माझ्या कोपराशी आले होते. मागचे लोक पुढे सरकले.

“इटलीत,” मी म्हणालो. “मी इथे कधी आलोच नव्हतो, आण्णाप्पा. ते दुसऱ्याचं आहे. मी फक्त नावं बदलली.”

नदीचा आवाज येत होता. लेखाप्रमाणे ती बोलत नसते. वहीत ‘इटली’ लिहिले गेले आणि त्याभोवती दोनदा गोल काढला गेला.

आण्णाप्पा कट्ट्यावर टेकले. मग त्यांनी विचारले, लांब हाय? मी म्हटले, समुद्रापलीकडे. तिकडच्या बायका लुगडे नेसतात का? मी म्हटले, नाही. ते उठले, कॅरिअरवरचे पुडके सोडून बायाक्कापुढे ठेवले. तिने बोटाने काठ चाचपला. काठ उत्तम होता, हे चाचपण्यावरूनच कळत होते. पण तिने पुडके परत सरकवले. मी कुनाला काय दिलं न्हाय, मग घेऊ कसं, म्हणाली. ती उठून खाली घरात गेली, आणि पाचएक मिनिटांनी सकाळची उरलेली एक भाकरी आणि वर लाल चटणी घेऊन आली. ती तिने आण्णाप्पांच्या हातावर ठेवली.

“आता दे,” ती म्हणाली. “हिरव्या रंगाचं न्हवतं व्हय?”

एका भाकरीचे एकतीस तुकडे होत नाहीत. ती आण्णाप्पांनी एकट्याने, कट्ट्यावर बसून, पूर्ण खाल्ली. मला विचारले नाही.

आम्ही कणकुंबीपर्यंत गेलो. उगमाशी आण्णाप्पा ओंजळभर पाणी प्याले आणि एवढीशीच, म्हणाले. परत येताना सायकली बसच्या टपावर होत्या आणि मी उभा होतो. नागुबाईंचा नवारीचा सल्ला मी ऐकला नव्हता.

सोमवारी सकाळी कचेरीत येऊन मी चौकट लिहिली. ‘चूकभूल. दि. १५ नोव्हेंबरच्या पुरवणीतील कणकुंबीच्या सायकल प्रवासाचा मजकूर वस्तुतः इटलीतील असून एका परदेशी मासिकातून घेतलेला होता. स्थळे बदलण्यात आली होती. आमचे प्रतिनिधी तेथे गेले नव्हते. वाचकांची दिशाभूल झाल्याबद्दल दिलगीर आहोत.’ चार वाक्ये, त्यांत शोभेचे एकही विशेषण नाही. तम्मण्णांनी ती जुळवली आणि सवयीने वर ‘आमच्या प्रतिनिधीकडून’ बसवायला गेले, तेव्हा मी त्यांचा हात धरला. चौकट मंगळवारी पहिल्या पानावर गेली. अकरा वर्षांचा लौकिक मी माझ्या हाताने खाली ठेवला होता, आणि खरे सांगायचे तर हलके वाटत होते.

ते बुधवारपर्यंत टिकले. बुधवारी सतरा पत्रे आली, गुरुवारी बेचाळीस. एकाही वाचकाचा चौकटीवर विश्वास नव्हता. आमच्या भागातल्या रस्त्याला, नदीला आणि म्हातारीला इटलीतली म्हणायला लावणारे कोण आहेत, हे आम्ही ओळखून आहोत, असे बोरगावच्या एका तरुण मंडळाने ठरावाने कळवले. भावकूंनी लिहिले की साध्या वेषातला माणूस तुमच्या कोपराला कोपर लावून उभा होता आणि त्याच्या देखत तुमच्या तोंडून ‘इटली’ वदवून घेतले, हे एकतीस जणांनी पाहिले आहे. निपाणीहून एका वकिलांनी फुकट खटला चालवण्याची तयारी दाखवली. सुभेदार कृष्णात, जे बायाक्कापासून चार हातांवर उभे होते, तेही रात्रीच्या जेवणाआधी भिंतीवरून हळू आवाजात म्हणाले की दबाव आला की माणूस काहीही छापतो, लाजू नका. शुक्रवारी माझ्या जाहीर सत्काराची पत्रिका आली. विषय होता निर्भीड पत्रकारिता.

बायकोने पत्रिका वाचली. बरं, म्हणाली.

सत्काराला कसे नाही म्हणावे याचे पत्र मी शनिवारी दुपारी तिसऱ्यांदा लिहीत होतो तेव्हा आण्णाप्पा कचेरीत आले. तेच धोतर, तीच टोपी. हातात या वेळी मंगळवारची चौकट होती. मी उभा राहिलो. ते बसले, म्हणून मीही बसलो. चार वेळा वाचून दाखवले तरी गल्लीत कोणाला हे पटत नाही, म्हणाले.

“तुम्हाला पटलं?” मी विचारले.

“मी ऐकलं न्हवं का, तुमच्या तोंडानं.” मग ते म्हणाले, “ते इंग्रजी पुस्तक हाय का तुमच्यापाशी? म्हातारीच्या फुडं काय हाय ते सांगा. पन नावं तिथलीच ठेवा.”

मी खणातून मासिक काढले. साडेअकरा इंचांत जेवढे मावले तेवढेच मी तेव्हा घेतले होते. पुढे आणखी चार पाने होती. मी वाचू लागलो, सावकाश, एक वाक्य इंग्रजीतून मनाशी आणि एक मराठीतून त्यांना. म्हातारीच्या घरानंतर वाट खाली उतरते, खडी पांढरी होते, आणि नदी पुन्हा सोबतीला येते.

“नदीचं नाव काय?”

“ऑर्चा.”

“ऑर्चा,” त्यांनी म्हणून पाहिले. “निघती कुठनं?”

मी ती चारही पाने चाळली. मग मागची पाहिली. नकाशा होता, पण अर्धा फाटलेला. कचेरीतली पाच डोकी माझ्याकडे पाहत होती.

“माहीत नाही,” मी म्हणालो.

आण्णाप्पांनी मान डोलावली आणि खुर्ची पुढे ओढून घेतली.

“मग हे खरं असंल,” ते म्हणाले. “वाचा.”